दोन कानांसाठी एक तंबू

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. बँकेला सुट्टी.

हजर: मी, माझा नवरा मिलिंद, एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, मुलगी रेवा, जिला मराठी सगळं कळतं आणि जी उत्तर हिंदीत देते, आणि मिलिंदची श्रवणयंत्रं, जोडीने, डबीत. गैरहजर: मिलिंदचा उत्साह.

मिलिंदला गेली दोन वर्षं कमी ऐकू येतं. हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं. चर्चासत्रात विनोद झाला की तो इतरांच्या नंतर हसायला लागला, आमचा टीव्ही शेजाऱ्यांनाही पुरायला लागला आणि फोन वाजला की त्याला बाथरूमला जावंसं वाटायला लागलं. सांगलीहून दर रविवारी त्याच्या दादांचा, म्हणजे रेवाच्या ताऊजींचा, फोन येतो, तोही मीच घेते. पलीकडे वहिनी, अलीकडे मी. "हे विचारतायत, भावोजींची तब्येत कशी?" "हे म्हणतायत, बरी आहे." दोन राजे आपापल्या गादीवर बसलेले आणि वकिलांची बोलणी चाललेली. घरातही रेवा आणि मी त्याच्यासमोर त्याच्याबद्दल नेहमीच्या आवाजात बोलतो. सवय लागते.

शेवटी इथे लखनऊत, आलमबागच्या एका दवाखान्यातून यंत्रं आठवडाभर वापरून बघायला मिळाली. तिथल्या बाईंनी बजावलं होतं, "शुरू में शांत जगह पर लगाइए, सर." वृंदावन योजना या वसाहतीतल्या आमच्या घरामागे लग्नाचं लॉन आहे आणि सध्या लगीनसराई आहे. मिलिंदने पहिल्या संध्याकाळी यंत्रं कानात घातली आणि त्याच क्षणी वरात दारात आली. विंचू टाकावा तशी त्याने ती डबीत टाकली. म्हणाला, "सोमवारी परत देऊन टाक."

अडचण अशी की रेवाला बंगळुरूत नोकरी लागली आहे आणि मार्चमध्ये रुजू व्हायचं आहे. त्यानंतर बाप-लेकीचं नातं फोनवर चालणार, आणि फोनवर मिलिंदला ऐकू येत नाही. म्हणून मी करार मांडला: एक रात्र अगदी शांत जागी काढायची. तिथेही यंत्रं नकोशी वाटली, तर मी हा विषय जन्मात काढणार नाही. मिलिंदने ताबडतोब मान्य केलं. माझ्या गप्प बसण्याचं आमिष फार मोठं होतं.

तंबू रेवाच्या मैत्रिणीचा. गाडी आमचीच, डॅशबोर्डसकट, जो खडखडतो. सामान माझ्या यादीप्रमाणे: स्टोव्ह, पाणी, सतरंज्या, टॉर्च, थालीपिठाची भाजणी. यादीत नव्हता असा एकच जिन्नस, मिलिंदचं ठेवणीतलं पुस्तक, आणि ते कशासाठी हे मला माहीत होतं. त्याआड तोंड लपवता येतं.

पहिली जागा काकोरीच्या पुढची आंब्याची बाग. माझ्या सहकाऱ्याच्या ओळखीची, रस्त्यापासून लांब, परवानगी आधीच घेतलेली. झाडं बौराने (मोहोराने) लगडलेली, खाली स्वच्छ झाडलेली जमीन. तंबूची जागा मी उतरल्याउतरल्या ठरवली. इतक्यात झाडांमागून ट्रॅक्टर आला. मागे टाकी, टाकीवर पंप, पंपातून मोहोरावर औषधाचा फवारा. आवाज असा की माझ्या दातांनाही ऐकू आला.

बागवाले मियाँ भला माणूस. म्हणाले, "आप इत्मीनान से सोइए. हम दवा उस तरफ़ डालेंगे."

"किती दिवस चालणार?" मी हिंदीत विचारलं.

"बस, बौर रहने तक."

पंप बंद करून त्यांनी आम्हाला चहा पाजला, तेवढीच बागेतली शांतता. मिलिंद गाडीत जाऊन बसला होता. "छान आहे जागा," तो म्हणाला. "मला काही त्रास नाही." अर्थात. त्याच्या कानात काहीच नव्हतं.

दुसरी जागा सरोजिनी नगर मागे टाकून कानपूर रस्त्याने गेल्यावर सई नदीचा काठ. गेल्या पावसाळ्यानंतर मी पुलावरून पाहून ठेवला होता: वाळू, चार बाभळी, माणूस नाही. आता तिथे मांडव होता आणि बाभळींवर कर्णे. अखंड पाठ सुरू होता, कर्ण्यांची तोंडं नदीकडे. माशांचीही सोय झाली होती.

मांडवातल्या एका काकांनी आम्हाला आलेलं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "आइए, आइए! कहाँ से?"

"लखनऊ से. यहाँ रात को कब तक चलता है?" रेवाने विचारलं.

"बिटिया, अखंड है," ते म्हणाले. त्यात सगळं आलं. "प्रसाद लिए बिना नहीं जाने देंगे."

आम्ही पुरी, बटाट्याची रस्सा भाजी आणि बुंदी खाल्ली. भाजी उत्तम होती, दुसऱ्यांदा घेतली. रेवा गाडीत बसताना म्हणाली, "मम्मी, तुम्हारी लिस्ट में अब क्या बचा?" काहीच उरलं नव्हतं. पण हे मी लेकीला सांगणार नव्हते.

पुढच्या फाट्यावर चहाच्या टपरीशी गाडी थांबवून मी सरळ विचारलं की इथे शांतता कुठे मिळेल. टपरीवाल्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "शांति? ऊसर पे चली जाइए. वहाँ तो गाय भी नहीं जाती."

ऊसर म्हणजे खारवट, नापीक माळ. आत दोन वळणं घेतल्यावर तो लागला. जमिनीवर रेह (पांढरा खार) असा साचलेला की वाटावं, कुणीतरी पिठाची गोणी सांडून गेलंय. काही उगवत नाही, म्हणून कुणी येत नाही. टोकाला एक उथळ ताल (तळं), पलीकडे मोहरीची पिवळी शेतं. जवळच्या शेतात एक पोक्त बाई मटारच्या शेंगा तोडत होत्या. परवानगी कुणाची घ्यायची कळेना, म्हणून त्यांनाच विचारलं. माझं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग मिलिंदकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"घर मा झगड़ा होइ गवा का?"

"नाही हो चाची. आम्ही असेच आलोय. झोपायला."

"घर मा छत नाहीं है?"

छत आहे म्हटल्यावर त्यांना माझी आणखीच काळजी वाटली. गावात चला, खाट देते, रजई देते, असा आग्रह झाला. मला तो मोडायला बराच वेळ लागला. पाहुण्याला एकटं सोडणं त्यांच्या हिशेबी पाप होतं आणि मी नेमकं तेच पुण्य मागत होते. शेवटी मी खरं कारण सांगितलं: कान. त्यांनी समजून मान डोलावली. "मरद मानत नाहीं," त्या म्हणाल्या, आणि ओटीतले मटार माझ्या पदरात, म्हणजे ओढणीत, ओतले. या एका वाक्यानंतर आमची मैत्री झाली.

तंबू उभारताना तंबूच्या खुंट्या वाकल्या. वरचा खार खडकासारखा. दोन दोऱ्या गाडीच्या चाकांना बांधल्या, एक पाण्याच्या कॅनला. चौथी बाजू मिलिंदच्या पुस्तकाने दाबली. यादीत नसलेल्या वस्तूचा एवढा उपयोग मी तरी पाहिला नव्हता.

मटारची उसळ, थालीपीठ. सूर्य मोहरीत बुडाला आणि मग ती आली, शांतता. मला वाटलं होतं, शांतता म्हणजे आवाज नसणं. तसं नव्हतं. खार तडकत होता, तालात काहीतरी बुडकन वाजत होतं, लांब कुणीतरी कुणाला हाक मारत होतं आणि ती हाक वाटेत कुणी अडवली नाही. मी डबी मिलिंदसमोर ठेवली.

"सकाळी बघू," तो म्हणाला आणि आडवा झाला.

सकाळी तंबू दवाने निथळत होता. मिलिंद आत तोंडावर पांघरूण घेऊन पडला होता. रेवाने आणि मी बाहेर स्टोव्ह पेटवून चहा टाकला.

"बघ, डबी तशीच उशाशी," मी म्हटलं. "हट्टी आहे तुझा बाप. कानाशी सुतळी बॉम्ब लावला तरी म्हणेल, मला काय झालंय."

रेवा हसली नाही. चहात साखर ढवळत राहिली. "मम्मी, मैं सोच रही हूँ बंगलौर मना कर दूँ."

"काय?"

"फ़ोन पे पापा को कुछ सुनाई नहीं देता. तुम बताओगी, वो ठीक हैं. मैं बताऊँगी, मैं ठीक हूँ. ताऊजी के जैसे. मुझे वैसा नहीं चाहिए यार."

तेवढ्यात तालाच्या बाजूने जोरात कर्णा वाजला. सारस! (माणसाएवढा उंच, लाल मानेचा क्रौंच.) एकाने मान उंचावून आरोळी दिली, दुसऱ्याने तिच्यातच आपली मिसळली. अखंड पाठवाल्यांनी कर्णे काढून यांना बसवायला हवं होतं. त्या आरोळ्यांनी माळ भरून गेला.

तंबूची चेन उघडली. मिलिंद बाहेर आला, केस उभे, कानांवर दोन राखाडी यंत्रं.

"दोघं आहेत," तो म्हणाला. "ती दोनदा ओरडते तेव्हा तो एकदा."

आम्ही दोघी बघत राहिलो. उशाशी डबी होती, पण रिकामी. मी उघडून पाहिली नव्हती.

"चहा उकळतोय," तो पुढे म्हणाला. "किती आवाज करतो. स्टोव्हपण. ही चेन तर भयंकर आहे." मग माझ्याकडे वळून, "आणि सुतळी बॉम्ब मला अजून ऐकू येतो."

रेवाचा चेहरा चहापेक्षा जास्त उकळला. "पापा, आपने सब सुना?"

"तंबूला भिंती नसतात, बाळा." तो तिच्याशेजारी खारावर बसला. "मार्चमध्ये जायचं. रोज फोन करायचा. फक्त तू पुटपुटतेस फार. तोंड उघडून बोलायचं." मग म्हणाला, "तुझा आवाज असा आहे, हे मी विसरलो होतो."

"कैसा?"

"बारीक. खरखरीत. माझ्या आईसारखा."

रेवा उठून तंबूच्या दोऱ्या सोडायला गेली, ज्यांची अजून गरज होती. तंबू आमच्या चहावर कोसळला.

परतताना चाचींच्या बांधावर थांबलो. त्यांनी मिलिंदच्या कानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून विजयी मान हलवली. गाडी रस्त्याला लागताच मिलिंद म्हणाला, "ही खडखड कधीपासून आहे?"

"दोन वर्षं," मी आणि रेवा एका सुरात.

"मग मेकॅनिकला दाखवायला नको?"

मी दोन वर्षं जे पुटपुटत होते ते ओठांवर आलं, आणि प्रथमच परत गिळावं लागलं. या प्रवासातला माझा तोटा हाच. सरोजिनी नगरच्या हॉर्नांत त्याने यंत्रं काढून डबीत ठेवली, तेव्हाही मी काही बोलले नाही. घरी पोचून चहा झाल्यावर त्याने ती आपणहून पुन्हा घातली. परत देण्याचा विषय त्याने काढला नाही. करार माझा होता, विषय त्याने बंद केला.

तंबू गच्चीवर वाळत टाकला. वाकलेल्या खुंट्या सरळ केल्या. दुपारी सांगलीचा फोन आला. मी उचलायच्या आत मिलिंदने उचलला आणि माझ्या हातात न देता म्हणाला, "दादा! मी बोलतोय. मिलिंद!"

पलीकडून दादांचा आवाज, इतका मोठा की स्वयंपाकघरात मलाही ऐकू आला: "काय? कोण? अगं, हा काय म्हणतोय बघ गं, मला काही ऐकू येत नाही!" आणि मागून वहिनी: "द्या इकडे. दोन वर्षं सांगतेय, कान दाखवा म्हणून!"

मिलिंद फोन धरून हसत बसला, आणि या वेळी सगळ्यांच्या आधी.

यादी पुरी झाली असं समजून मी पेन खाली ठेवलं होतं. पुन्हा उचललं आहे. सांगलीच्या आसपास शांत जागा, गाडीने जाता येईल अशी, रात्री तंबू टाकू देतील अशी: शोधायची आहे. वहिनींना विचारलंय. त्या म्हणतात, आहे एक, पण दादा मानत नाहीत.