घाटमाथ्यावरचा अंदाज

सायकल शर्यतीचा चढाचा टप्पा माहूरच्या घाटमाथ्यावर संपणार होता. तिथं सीताफळं विकणारी बाई सरावाला येणाऱ्या पोरी महिनाभर रोज बघत होती. मी विचारलं, "मावशी, आज कोण पुढं राहील?"

सीताफळ हलकंच दाबून बघत ती म्हणाली, "ती उमरीची बारकी. चढाला बाकीच्यांचे खांदे डुलतात. तिचे हलत न्हाईत, नुसते पाय चालतात."

पेपरातल्या अंदाजात त्या पोरीचं नावही नव्हतं. सकाळपासून मी मावशीच्या टोपलीशेजारीच बसून रस्त्याकडं बघत होतो.

पोरगी दुसरी आली. मी म्हणालो, "मावशी, माझी लेक हाय ती."

तिनं मला नीट न्याहाळलं. "मग सकाळधरनं गप का बसलाव? माझी आसती, तर साऱ्या घाटाला सांगत फिरले आसते."