स्टँडवरचा चार्जर आणि बाबांचा नंबर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते, आणि सांगताना लाजत नाही. बाबा ई-रिक्षा चालवतात, त्याआधी सायकलरिक्षा ओढायचे. मी सिव्हिलची इंजिनीअर झाले आणि आमच्याच नगरपरिषदेत कंत्राटावर लागले. नागपूरहून बुटीबोरीकडे जाताना लागतं ते आमचं गाव. आता त्याला गाव फक्त सवयीनं म्हणायचं.

त्या उन्हाळ्यात सरकारची एक योजना आली. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी चार्जिंग केंद्रं कुठं आणि कशी उभारायची, याचा आराखडा करायला छोट्या नगरपरिषदांना अनुदान मिळणार होतं. प्रस्तावात पहिल्या केंद्राची जागा पक्की दाखवायची होती. प्रस्ताव लिहायचं काम माझ्याकडे आलं, पण जागा मुख्याधिकारी साहेबांनी आधीच ठरवून टाकली होती. नगरपरिषदेची बाग.

"जागा आपली आहे, कुणाची परवानगी नको, झाडं आहेत," साहेब म्हणाले. "अडचण काय?"

"साहेब, तिथं रिक्षावाले येणार नाहीत. नंबर जाईल त्यांचा."

"कसला नंबर?"

साहेब बाहेरगावचे, त्यांना कसं ठाऊक असणार. मी मात्र शाळेत असल्यापासून बाबांचा डबा घेऊन स्टँडवर जात आले आहे. बसमधून उतरलेली सवारी ज्याचा नंबर असेल त्याचीच. रांगेतून गाडी काढली की नंबर गेला, पुन्हा शेवटी उभं राहायचं. जेवायला किंवा पाणी प्यायला जायचं असेल तर मागच्याच्या हँडलवर आपला खांद्यावरचा दुपट्टा टाकायचा. दुपट्टा आहे तोवर नंबर आहे, पण गाडी जागेवर पाहिजे. बाग स्टँडपासून लांब. तासभर चार्जिंगसाठी नंबर सोडून तिकडे कोण जाईल? कुणी जात नाही, म्हणूनच संध्याकाळी कंपन्या सुटतात, सवारी भरपूर असते आणि नेमक्या तेव्हा बॅटऱ्या बसलेल्या असतात. बाबांना गाडी ढकलत घरी येताना मी पुष्कळदा पाहिलं आहे. मागून हात लावलाही आहे.

मी म्हटलं, केंद्र स्टँडला लागूनच हवं, कडुनिंबाखालच्या पट्ट्यात. साहेबांनी थोडा विचार केला. "ती जागाही आपलीच आहे, मान्य. पण उद्या स्टँडवाल्यांनीच भांडण काढलं तर? त्यांची लेखी संमती आणा, शुक्रवारच्या आत. नाही आली तर मी बाग पाठवतो."

बाग पाठवली असती तरी अनुदान आलं असतं, आराखडाही झाला असता. आणि मग ते चार्जर गुलमोहराखाली धूळ खात उभे राहिले असते, माझ्या हातच्या आराखड्याप्रमाणे. ते मला चालणार नव्हतं.

दुपारी स्टँडवर गेले. नंबर राखायचं काम बाबांचं. वही नाही, पाटी नाही. कुणाच्या मागं कोण हे त्यांच्या तोंडी, आणि त्यांच्या शब्दावर कुणी वाद घालत नसे. मी सगळ्यांसमोर योजना सांगितली आणि एकच गोष्ट मागितली. चार्जिंगला लावलेल्या गाडीचाही नंबर दुपट्ट्यावर चालू ठेवायचा.

आधी सगळे हसलेच. "ताई, बापाची गाडी चार्ज कराले सरकारले कामाले लावलं का?" एक जण म्हणाला.

बाबांच्या बरोबरीनं स्टँडवर आलेले एक काका आहेत, त्यांना हसू आलं नाही. "असं केलं तं लोकं गाडी लावून घरी झोपतीन. नंबर आला का डोळे चोळत येतीन."

"मग मालकानं गाडीजवळच बसायचं. उठून घरी गेला की नंबर गेला."

"अन् रांगेची जागा जाईन, त्याचं काय?"

"रांग दोन ओळींत लावू. मी टेप लावून दाखवते."

दाखवलीसुद्धा. भर उन्हात, टेपचं दुसरं टोक त्या काकांच्याच हातात देऊन. गाड्या बसत होत्या. काकांनी मान हलवली. आता सगळे बाबांकडे पाहू लागले.

"नाही जमत," बाबा म्हणाले, आणि सवारी घेऊन निघून गेले.

घरी जेवताना मी विचारलं, "काहून नाही म्हटलं, बाबा?"

"तू ऑफिसात, मी नंबरवर. चार्जिंगले माझी गाडी दिसली का म्हणतीन, पोरीनं बापासाठी आणलं. आज हसून राहिले, उद्या भांडतीन."

"मग बाग पाठवू?"

आई पोळ्या लाटत होती. तिनं बाबांकडे न बघताच म्हटलं, "पाठव वं. हे जातीन तिथं गाडी घेऊन. झोका बी हाये बसाले."

 बाबांनी भाजी पुन्हा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद घेऊन पुन्हा स्टँडवर उभी. नाही म्हटलं असतं तर संध्याकाळी परत आले असते. बाबांनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आजपासून नंबर हे राखतीन. चार्जिंगचा नियम यायच्याच तोंडून चालन. माझी गाडी सगळ्यायसारखी."

कुणी मागितलं नव्हतं. मला आठवतं तेव्हापासून ते काम बाबांचं होतं, सायकलरिक्षा होती तेव्हाही. मी त्यांना थांबवलं नाही. मी थांबवायला आले नव्हते, सह्या घ्यायला आले होते. काकांनी पहिली सही केली. बाबांनी पुढं उभी असलेली आपली गाडी काढून रांगेच्या शेवटी नेली आणि तिथं, आपला नंबर आल्यावर, सही केली.

अनुदान मंजूर झालं, पण ते आराखड्याचं. चार्जरसाठी वेगळा प्रस्ताव लागतो आणि तो मी सध्या लिहिते आहे. स्टँडवर रोज विचारतात, "काय ताई, कागदावर चार्ज होऊन राहिली का गाडी?" मी म्हणते, होते आहे, थांबा.

मागच्या आठवड्यात कडुनिंबाजवळ रांगेच्या दोन ओळींसाठी चुन्याच्या रेघा मारायला गेले, तर रेघेच्या जागेवर नेमकी बाबांची गाडी.

"बाबा, गाडी काढा."

"नंबर जवळ आला हाये माझा."

"दुपट्टा टाका न मग."

त्यांनी मागच्या गाडीच्या हँडलवर दुपट्टा टाकला, गाडी रांगेबाहेर काढून झाडाखाली चार्जरच्या जागी लावली आणि तिथंच सीटवर बसून राहिले. मी रेघ पुरी केली. तेवढ्यात बस आली. काकांनी तो दुपट्टा उचलून हवेत हलवला.

"चाला गा, तुमचा नंबर."

 मागच्या माणसानं गाडी जरा मागं घेऊन बाबांना वाट दिली.