तिकडचा आकडा

देवासच्या टेलिफोन खात्यातले ते काका मूळचे धारचे. टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात अमेरिकेहून कागद यायचे, त्यांत ऑप्टिकल लाइनचा वेग तिकडच्या पद्धतीने लिहिलेला असायचा. तो आपल्या पद्धतीत करून घ्यायला मी रविवारी त्यांच्या क्वार्टरवर जायचो.

"हां भिया, दाखव," ते दमलेल्या आवाजात म्हणायचे. "तिकडे ओसी-बारा, आपल्याकडे एसटीएम-चार. तीनने भागायचं, बस, हो गया. वेग तोच, नाव वेगळं." पण बाराला तीनने भागायलाही ते कानावरची पेन्सिल काढून रीतसर भागाकार मांडत. तोंडीच सांगा म्हटलं, तर म्हणत, "तोंडी माणूस चुकतो, भिया."

एकदा मी समोर बसलेलो असताना त्यांच्या अमेरिकेतल्या मुलाचा फोन आला. लाइन इतकी साफ, की मलाही ऐकू आलं, "बाबा, या दिवाळीलाही यायला जमणार नाही."

काकांनी रिसीव्हर या कानावरून त्या कानाला लावला. मग म्हणाले, "माझा आवाज साफ येतोय ना?"

"हो बाबा."

"मध्ये तुटत नाही ना?"

"नाही."

"ठीक." त्यांनी रिसीव्हर ठेवला.

काकू हात पुसत स्वयंपाकघरातून धावत आल्या. "ठेवलासुद्धा? काय म्हणाला? येतोय ना?"

"लाइन चांगली चाललीय," काका म्हणाले, आणि माझा कागद पुढे ओढून अठ्ठेचाळीसला तीनने भागायला बसले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मीही त्या भागाकारात डोकं घातलं.