राखाडी दारांची ओळ

आष्टी सोडली त्या दिवशी दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, परतूर स्टेशनापर्यंत बैलगाडी स्वतः हाकली. मी आगगाडीत बसताना म्हणाले, "आधी तुझं घर पाहून येतो. मंग सांगतो, जालन्यात ऱ्हायचं का न्हाई." बायको डोळे पुसत होती. मी नव्या कोटावरची धूळ झटकत होतो. आष्टीकरांनो, तुम्ही हसलात ते बराबरच होतं.

जालन्यात स्टेशनाजवळ एकसारख्या बारा घरांची नवी ओळ उठली होती. त्यातलं एक आमचं. शहरात राहतात कसं, हे बाराही घरांत कुणाला ठाऊक न्हाई. मंग आम्ही ते टॉकीजमध्ये शिकलो. एका बोलपटात अशीच ओळ होती: दारं बंद, खिडक्यांना पडदे, साहेब कोट घालून पेपर वाचतोय. महिन्याभरात आमचेही पडदे लागले, दारं बंद झाली. बोलपटातली दारं राखाडी दिसली म्हणून बाराही घरांनी दारांना राखाडी रंग दिला. तिथं माणसंसुद्धा राखाडीच दिसतात, हे एकाच्याही ध्यानात आलं न्हाई. रंगाचा डबा घेऊन सगळ्यांत पुढं मीच होतो.

दादा यायच्या दिवशी मी कोट चढवून, बंद दारामागं पेपर धरून बसलो. दुपार टळली तरी दादांचा पत्ता न्हाई. वाटलं, ओळ पाहूनच माघारी फिरले. आता बिऱ्हाड गुंडाळा. काळजीनं बाहेर आलो, तर शेजारच्या मारवाडी भाभींच्या घरातून दादांचं हसू.

माझं समजून दादांनी भाभींचंच दार ठोठावलं होतं. भाभींना वाटलं, नवऱ्याचं, म्हणजे शेठजींचं, गिऱ्हाईक असेल. शेठजींना वाटलं, भाभींच्या ओळखीचे. जेवल्याबिगर पाहुण्याला नाव विचारायचं न्हाई, ही रीत त्यांचीही आणि आपलीही. दादांना वाटलं, सून कामात असेल.

तिसरा फुलका मोडत दादा मला म्हणाले, "ये, बस. घर झ्याक हाय. यातली तुझी खोली कोणती?"

"माझं घर शेजारचं."

"मंग ऱ्हा बिनघोर. शेजार चांगलाय."

पुढच्या खेपेला, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल रंग त्यांनी आणला आणि ओळखू यावं म्हणून माझं दार लाल केलं. आठ दिवसांत बाराही दारं लाल!

पण आता ती उघडी असतात. दादा आले की पहिलं दिसेल त्या दारात शिरतात. मी कोट खुंटीला टांगून त्यांना शोधत निघतो. ज्या घरात ते जेवत सापडतील, त्या दिवशी तेच आमचं घर.