विजेचा धडा आणि गच्चीवरच्या कुरड्या

मैत्रिणींनो, आज दुपारीच आष्टीत आमच्या बचत गटाच्या बायकांना मी ठणकावून सांगितलं, "वीज कडाडली की गच्चीवर पाय ठेवायचा नाही!"

संध्याकाळी आभाळ भरून आलं, वीज चमकली आणि मी स्टीलची परात घेऊन थेट गच्चीवर. कुरड्या वाळत होत्या ना!

समोरच्या गच्चीवरून गटातल्याच मंदाकाकू ओरडल्या, "मॅडम, तुमीच सांगतलं ना! काऊन वर आल्या? खाली जा!"

"मग तुम्ही काय करताय वर?"

"माह्ये पापड हायेत ना!"

तेवढ्यात कडाडकन आवाज झाला. मी आधी कुरड्यांनी भरलेली परात जिन्यात सरकवली, मग स्वतः शिरले.

एकही कुरडई भिजली नाही. खरं सांगा, तुमच्या घरी आधी आत कोण येतं, माणूस की वाळवण?