नाडीनं बांधलेला अडॅप्टर

आमच्या कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये टेबलाला पायजम्याच्या नाडीनं एक अडॅप्टर बांधलाय, बँकेत पेन बांधतात तसा. नव्या लॅपटॉपला प्रोजेक्टरची वायर त्याच्याशिवाय जोडताच येत नाही. ती नाडी दिसली की माझं डोकं फिरतं. आधी लॅपटॉपमधला सीडीचा ड्राइव्ह गेला, मग वायरी जोडायची कडेची एकेक खाच बुजत गेली. आम्हाला कुणी विचारलं होतं?

"पण सर, हलका किती झालाय!" शेजारच्या विभागातल्या देशमुख मॅडम परवा आपला नवा लॅपटॉप एका हातानं उचलून म्हणाल्या.

होणारच! त्याच्या पोटातलं सगळं काढून सुट्या वायरी-डब्या म्हणून माझ्या पिशवीत कोंबलंय. आईनं माझ्या लेकीसाठी म्हटलेली अंगाई एका सीडीत आहे. आई गेली, सीडी नीट आहे, आणि घरात ती ऐकवणारं एकही यंत्र उरलेलं नाही. याला म्हणे सुधारणा म्हणायचं!

आज मॅडमचं व्याख्यान होतं. हॉल भरला होता. त्यांनी तो पापडासारखा लॅपटॉप उघडला, प्रोजेक्टरची वायर हातात घेतली आणि अडॅप्टरसाठी खाली वाकल्या.

टेबलाला नुसती नाडी लोंबत होती.