मला निकाल सांगू नका!

माझं हसू व्हायचंच आहे, तर मीच सांगते. दुसऱ्याकडून ऐकलंत तर वरून तिखट-मीठ पडेल!

टीव्हीवर गाण्याची स्पर्धा लागायची ना, तिच्याशिवाय आमच्या बोरिंगवर पाणी भरताना दुसरा विषयच नव्हता. मी कुरळ्या केसांच्या पोरीच्या बाजूची. पलीकडच्या गल्लीतल्या शेवंताकाकू जाड्या पोराच्या बाजूच्या. त्यावरून आम्ही पाण्याचे हंडे-गुंड किती आपटले, विचारू नका!

रविवारी शेवटचा भाग. परीक्षक निकालाचा लिफाफा फोडणार, आणि आमच्या गल्लीची लाईन गेली, टीव्ही बंद! काकूंच्या गल्लीची सुरूच. म्हणजे काकूंना निकाल माहीत अन् मला नाही!

सोमवारी अकरा वाजता तोच भाग पुन्हा दाखवणार होते. मी ठरवलं, तोवर कोणाच्याही तोंडून निकाल ऐकायचा नाही. म्हणजे नाही! फोन बंद करून तांदळाच्या डब्यात खुपसला. कानावरून दुपट्टा बांधला. आरोहीला अंगणवाडीत सासूबाईंसोबत पाठवलं; त्या तिला सोडून तिकडूनच शेतात जाणार होत्या.

आरोही माझी चार वर्षांची पोरगी. त्याच दिवशी तीन वाजता तिच्या अंगणवाडीतही गाण्याची स्पर्धा होती. पंधरा दिवस मी तिच्याकडून एकच गाणं घोटून घेतलं होतं. घरात कोकिळा, चारचौघांत मुकी! मी समोर दिसले तरच तोंड उघडते. म्हणून पहिल्या रांगेत बसायचा शब्द दिला होता.

दहा वाजता शेवंताकाकू दारात.

"आरोहीची माय, आइक तं—"

"सांगू नका!" मी दोन्ही हात कानांवर ठेवले.

"अवं, अकरा वाजता—"

"माहीत हाय मले! अकरा वाजता पाहणारच हाय मी."

"मंग चाल ना, तयारी कर."

"तयारी कायची? घरी बसून पाहीन, टीव्हीवर."

काकूंचे डोळे हे एवढे झाले. "टीव्हीवर दाखवून राहिले?"

"मंग! साऱ्या दुनियेले दाखवून राहिले."

काकू धावतच गेल्या. मला वाटलं, जिंकले बाई मी!

अकराला गल्लीतल्या चार बाया घरात शिरल्या अन् टीव्हीसमोर चटईवर बसल्या. मी खूश! चहा केला. तासभर साऱ्यांचे डोळे टीव्हीत. शेवटी परीक्षकांनी लिफाफा हातात घेतला. मी चटईवरून पुढं सरकले. अन् तेवढ्यात एक बाई म्हणते,

"काहून वो, या मोठ्यांचं सरल्यावर आरोही येते का?"

"आरोही? कुठं?"

"टीव्हीत! सरपंचबाईले दुपारी मोहाडीले मीटिंग हाय, म्हणून अंगणवाडीची स्पर्धा अकरा वाजता घेऊन राहिले. सेविकाताईनं फोनवर टाकलं ना सकाळी! अन् ते टीव्हीवर दाखवते म्हणून तूच तं काकूले सांगितलं!"

माझा फोन? तांदळात!

मी उठलेच. एका पायात माझी चप्पल, एका पायात नवऱ्याची. मागून बाई ओरडली, "अवं, लिफाफा फोडून राहिले, पाहून तं जा!"

फुटू दे म्हटलं!

अंगणवाडीत पाहते तर लग्नघर! बाया ठेवणीतल्या साड्यांत. सरपंचबाईंच्या डोळ्यांवर काळा चष्मा. सारे कॅमेऱ्याची वाट पाहत रस्त्याकडे तोंड करून उभे. अन् पहिल्या रांगेत, माझ्या जागेवर, नवं लुगडं नेसून शेवंताकाकू. मांडीवर आरोही.

स्पर्धा संपली होती.

"तू दिसली नाही म्हणून पोट्टी रडाले लागली," काकू म्हणाल्या. "मंग म्या समोर बसून टाळ्या वाजवल्या. म्हटलं तिनं गाणं. पुरं म्हटलं!"

जिच्याशी सहा महिने भांडले, तिनंच माझी जागा सांभाळली हो! माझे डोळे भरून आले. तेवढ्यात सेविकाताई हसत जवळ आल्या, "आरोहीचा नंबर—"

अन् सवयीनं माझे हात गेले कानांवर! "सांगू नका!"

अख्खी अंगणवाडी खिदळली. आरोहीनं माझे हात ओढून खाली केले.

"मम्मी, माझा दुसरा नंबर आला. अन् तुझी टीव्हीवाली हरली. काकूनं सांगितलं."

तेव्हापासून गावात कोणाला मला काही सांगायचं असलं, पोलिओच्या डोसाचं असो की कोणाच्या बारशाचं, तर आधी विचारतात,

"सांगू का वो, का टीव्हीवर पाहशील?"